आम्स्टरडॅमचें जुनें चर्च आणि नवी कला

हॉलंडांतील आम्स्टरडॅम शहरांत आज ज्या इमारती उभ्या आहेत, त्यांत वयानें सर्वांत वडील अशी जी इमारत तिला तेथील लोक ‘औडे केर्क’ म्हणतात. या दोन डच शब्दांचा अर्थ ‘जुनें चर्च’ एवढाच आहे. सन १३०६ मध्यें उट्रेख्टच्या बिशपाच्या हस्तें, खलाशांचा कैवारी जो संत निकोलस त्याच्या नांवानें, या मंदिराची प्रतिष्ठा झाली. आपल्याकडे देवगिरीच्या यादवांचें राज्य दिल्लीच्या तडाख्यांत सांपडून शेवटच्या घटका मोजीत होतें, तो हा काळ. तेव्हांपासून सातशें वर्षांवर ही वास्तु एकाच जागीं उभी आहे. रविवारीं सकाळीं आजहि तेथें प्रार्थना होते. परंतु इतर दिवशीं तिकीट काढून आंत जाणाऱ्या मनुष्यास जें दिसतें तें निराळेंच असतें. कधीं सगळें मंदिर तांबड्या प्रकाशांत बुडालेलें असतें, कधीं वाळूच्या पोत्यांचे ढीग रचलेले असतात, तर कधीं थडग्यांच्या फरशीवर काँक्रीटचे फुटके ठोकळे मांडलेले असतात. गेल्या दहाबारा वर्षांत या चर्चच्या चालकांनीं देशोदेशींच्या हयात कलावंतांस बोलावून, ‘ही वास्तु पाहा आणि तिच्याकरितां कांहीं करा’ असें सांगण्याचा परिपाठ ठेविला आहे.

यावर दोन मतें असणें स्वाभाविक आहे. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, जेथें भाविक उरले नाहींत तेथें निदान रसिक तरी यावे. रिकाम्या मंदिराला कुलूप लावण्यापेक्षां तें बरें. दुसरा पक्ष म्हणतो कीं, प्राचीन वास्तु हीच एक कलाकृति आहे. तिच्यांत आजची क्षणजीवी कला आणून मांडणें म्हणजे आजीबाईंच्या अंगावर नातीचे कपडे चढविण्यासारखें आहे. दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत एक गोष्ट समान गृहीत धरलेली दिसते. ती ही कीं, हें चर्च पूर्वीं कधीं तरी निव्वळ उपासनेचें स्थान होतें आणि आतां प्रथमच त्यांत परकी वस्तु शिरली आहे. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहिल्यावांचून वादाचा निवाडा करतां येणार नाहीं. म्हणून आधीं या वास्तूचा इतिहास थोडक्यांत पाहूं.

आम्स्टरडॅमची भूमि म्हणजे मूळची दलदल. लांब लाकडी खुंट जमिनींत ठोकून त्यांवर घर उभें करावयाचें, ही त्या शहराची पूर्वापार रीत आहे. अशा जागीं दगडी कमानींचें जड छत डोक्यावर घेणें म्हणजे वास्तूनें आपल्याच भारानें चिखलांत रुतून बसणें होय. यास्तव बांधणारांनीं छत लाकडाचें केलें. मध्ययुगांतील जीं लाकडी छतें युरोपांत शिल्लक आहेत, त्यांतील अत्यंत विस्तीर्ण छतांत याची गणना होते. खालीं उभें राहून वर पाहिलें म्हणजे एखादें प्रचंड गलबत उपडें करून भिंतींवर ठेविलें आहे असा भास होतो. आणि तो अगदींच खोटा नाहीं. हें बंदरावरचें चर्च. जहाजांवर लाकूड जोडणाऱ्या हातांना तसलेंच काम येथेंहि करावें लागलें. खलाशी आपलीं शिडें व जाळीं दुरुस्तीसाठीं आंत आणीत, निराश्रित लोक थंडीच्या दिवसांत आंत निजत, असें सांगतात. शहराच्या सनदा ठेवण्यासाठीं चर्चमध्येंच लोखंडी दाराची एक कोठडी होती. ज्या सनदेंत आम्स्टरडॅमचें नांव प्रथम आढळतें, ती काउंट पांचवा फ्लोरिस यानें १२७५ सालीं दिलेली जकातमाफीची सनदहि पुढें याच कोठडींत राहिली. देऊळ, धर्मशाळा आणि नगराचें दफ्तर अशीं तिन्ही कामें या वास्तूनें पहिल्यापासून केलीं. तेव्हां ‘निव्वळ उपासनेचें स्थान’ हें वर्णन तिला कधींच लागू नव्हतें.

आंत कलेची तर रेलचेल होती. निरनिराळ्या धंदेवाल्यांच्या संघांनीं आपापल्या वेदी उभारल्या होत्या. त्यांवर मूर्ति, चित्रें, सोन्यारुप्याचीं उपकरणीं होतीं. हें सर्व एका पिढीच्या अवधींत नाहींसें झालें. सन १५६६ च्या ऑगस्टमध्यें नेदरलंड्समध्यें मूर्तिभंजनाची जी लाट उसळली ती आम्स्टरडॅमलाहि येऊन पोंचली. त्या गर्दींत वेन ओकर्स नांवाच्या एका बाईनें पायांतली चप्पल काढून मेरीच्या वेदीवर फेंकली. हा अपराध तेथील अधिकाऱ्यांनीं विसरला नाहीं. दोन वर्षांनीं, १५६८ सालीं, तिला व तिच्या मोलकरणीला पाण्यांत बुडवून मारण्यांत आलें. धर्ममंदिरांतील प्रतिमांविषयींचें मतभेद त्या काळीं मासिकांच्या पानांवर मिटत नसत. त्यांना माणसांचे जीव द्यावे लागत, हें आजच्या वादकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पुढें दहा वर्षांनीं पारडें फिरलें. २६ मे १५७८ रोजीं कॅल्व्हिनपंथी लोकांनीं शहराचा कारभार हातीं घेतला. कॅथॉलिक नगराधिकाऱ्यांस व धर्मगुरूंस नावेंत बसवून शहराबाहेर सोडून देण्यांत आलें. रक्तपात झाला नाहीं. पण जुनें चर्च त्या दिवसापासून नव्या पंथाचें झालें. उरल्यासुरल्या वेदी गेल्या, भिंती पांढऱ्या झाल्या. तथापि एक गमतीची गोष्ट अशी कीं, छतावरील चित्रें वांचलीं. धर्माभिमानानें नव्हे, सौंदर्यदृष्टीनेंहि नव्हे, तर तेवढ्या उंचीवर कोणाचा हात पोंचला नाहीं म्हणून! मागाहून त्यांवरहि रंगाचे थर चढले, आणि विसाव्या शतकांत दुरुस्तीच्या वेळीं ते थर काढले तेव्हां संत आणि जहाजें पुनः दिसूं लागलीं.

विजयी पक्षानें आपला विजय अक्षरांत नोंदवून ठेविला आहे. गाभाऱ्यापुढें जो जाळीचा पडदा १६८१ च्या सुमारास उभारला, त्यावर असा लेख आहे कीं, देवाच्या मंदिरांत हळूहळू शिरलेल्या खोट्या चालीरीति सन १५७८ मध्यें येथून दूर करण्यांत आल्या. शंभर वर्षें उलटून गेल्यावरहि या वाक्यांत कोठें शंकेचा लवलेश नाहीं. पराभूत पक्षाचें काय झालें, याची साक्ष मात्र तेथून थोडक्याच पावलांवर आहे. कालव्याच्या कांठच्या एका साध्या दिसणाऱ्या घराच्या माळ्यावर कॅथॉलिक लोकांनीं १६६३ च्या सुमारास एक संपूर्ण चर्च गुप्तपणें वसविलें. उघडपणें उपासना करण्यास बंदी होती, परंतु बाहेरून दिसत नसलें म्हणजे अधिकारी डोळेझांक करीत. संत निकोलसाच्या नांवाचें नवें कॅथॉलिक चर्च १८८७ सालीं उघडेपणीं उभें राहिलें, आणि माळ्यावरचें चर्च १८८८ पासून संग्रहालय झालें. एकाच संताच्या भक्तांना आपल्या मूळ जागेपासून पांच मिनिटांच्या वाटेवर नवें घर मिळण्यास तीनशें वर्षें लागलीं.

कॅल्व्हिनपंथी झालेल्या या पांढऱ्या, रित्या मंदिरांत कला मेली काय? मुळींच नाहीं, तिनें रूप पालटलें. नव्या पंथाच्या कडव्या लोकांना उपासनेच्या वेळीं ऑर्गन वाजलेला खपत नसे. पण ऑर्गन नगराच्या मालकीचा आणि वादकाचा पगारहि नगराच्या तिजोरींतला. म्हणून उपासनेच्या आधीं व नंतर लोकांस ऐकविण्यासाठीं तो वाजूं लागला. या जागेवर यान पीटरसोन स्वेलिंक हा थोर संगीतकार चाळीस वर्षांवर होता. त्याच्याकडे शिकण्यास जर्मनींतून विद्यार्थी येत. उत्तर जर्मनीची जी ऑर्गनवादनाची परंपरा पुढें बाखपर्यंत पोंचली, तिचा एक झरा येथून निघाला आहे. १६२१ सालीं स्वेलिंक वारला व याच चर्चमध्यें त्याचें दफन झालें. म्हणजे धर्ममंदिरांत, धर्मकृत्याच्या बाहेर, नागरिकांच्या पैशानें कला सादर करण्याची प्रथा आजच्या चालकांनीं काढलेली नसून ती चारशें वर्षांची जुनी आहे. सतराव्या शतकांत इमानुएल द विट्ट या चित्रकारानें या मंदिराच्या अंतर्भागाचीं चित्रें काढलीं. त्यांत प्रवचन चाललेलें असतें, पण कुत्रींहि हिंडत असतात, आणि ऊन खांबांवर तिरपें पडलेलें असतें. गंभीर आणि घरगुती या दोहोंचा तेथें संकोच नव्हता.

लग्नाची नोंद करण्यासहि जोडपीं येथेंच येत. त्या खोलीच्या दारावर, घाईनें लग्न करील त्याला पश्चात्तापास पुष्कळ वेळ मिळेल, अशा अर्थाचा एक मिस्किल इशारा लिहिलेला आहे. सन १६३४ मध्यें चित्रकार रेम्ब्रांट यानें सास्कियाशीं ठरलेल्या आपल्या विवाहाची नोंद येथें केली. आठ वर्षांनीं, १६४२ मध्यें, ज्या सालीं त्याचें ‘रात्रीचा पहारा’ हें जगद्विख्यात चित्र पुरें झालें त्याच सालीं, ऐन तिशीच्या आंत सास्किया वारली आणि येथेंच पुरली गेली. पुढें रेम्ब्रांटला इतकी विपन्नावस्था आली कीं, १६६२ मध्यें पत्नीच्या थडग्याची जागाहि त्यानें विकली. दरवर्षीं ९ मार्चला सकाळीं सूर्याचा एक किरण खिडकींतून येऊन बरोबर सास्कियाच्या शिळेवर पडतो, व तो पाहण्यास लोक जमतात.

या मंदिराची संपूर्ण जमीन अशीच आहे. सुमारें २५०० थडग्यांच्या शिळा एकमेकींस भिडवून बसविल्या आहेत. त्यांखालीं दहा हजारांहून अधिक माणसें निजलीं आहेत असें सांगतात. श्रीमंत व्यापारी, संगीतकार, आरमाराचे सेनापति, त्यांच्या बायका, त्यांचीं लहान मुलें, सर्वांच्या नांवांवरून गेलीं तीनशें वर्षें लोकांचे जोडे फिरत आहेत. पुष्कळ अक्षरें झिजून सपाट झालीं आहेत. या वास्तूंत पाऊल टाकणें म्हणजे कोणाच्या तरी नांवावर पाऊल टाकणें होय. येथें काम करणारा कलावंत कोणत्याहि देशाचा असो, तो शेवटीं या जमिनीकडे वळतो, हें आम्हांस पुढें दिसून आलें.

एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत उपासकांची संख्या ओसरत गेली. चर्चची डागडुजी होईना. सन १९५१ मध्यें छत कोसळण्याच्या भीतीनें तें बंद करावें लागलें. १९५५ मध्यें एक स्वतंत्र विश्वस्त संस्था स्थापन होऊन तिनें वास्तूचा ताबा घेतला व पुढील कित्येक वर्षें दुरुस्तीचें काम चाललें. ही आपत्ति एकट्या औडे केर्कची नव्हे. २०१७ सालच्या सरकारी पाहणींत कोणत्याहि धर्मसंघांत नसलेल्या लोकांचें प्रमाण त्या देशांत प्रथमच निम्म्यांवर गेलें. मग शेंकडों चर्चांचें करावयाचें काय? मास्ट्रिख्ट शहरांत डोमिनिकन पंथाच्या तेराव्या शतकांतील चर्चमध्यें २००६ सालीं पुस्तकांचें दुकान निघालें. त्याच शहरांत एका जुन्या मठाचें हॉटेल झालें आहे. आम्स्टरडॅमांतच एका चर्चमध्यें १९६८ पासून नाचगाण्याचे जलसे होतात. पुस्तकांचें दुकान आम्हांस तरी गोड वाटतें. पण त्यांत एक गोष्ट हरवतेच. दुकानाला त्या वास्तूच्या पूर्वेतिहासाशीं कांहीं कर्तव्य नसतें. कमानी सुंदर आहेत, गिऱ्हाइकांना आवडतात, एवढेंच त्याला पुरतें. औडे केर्कच्या चालकांनीं निवडलेला मार्ग याहून अवघड आहे. नव्या रहिवाशानें घराशीं बोललेंच पाहिजे, अशी त्यांची अट आहे.

हें बोलणें कसें होतें याचीं कांहीं उदाहरणें पाहूं. २०१७ मध्यें फ्रेंच कलावंत क्रिस्तियां बोल्तान्स्की यास पाचारण झालें. स्मृति, मृत्यु आणि नांव पुसलें जाणें हा त्याचा जन्मभराचा विषय. तेव्हां थडग्यांची ही जमीन त्याला आपोआप अनुकूल पडली. २०१९ मध्यें अर्जेंटिनाचा आद्रियान व्हियार रोहास आला. त्यानें खिडक्या झांकून मंदिर अंधारलें, वाळूचीं पोतीं रचलीं आणि वर मेणबत्त्यांचा मंद उजेड ठेविला. युद्धकाळांत मूर्ति व वास्तु वांचविण्यासाठीं युरोपांतील लोकांनीं असेंच केलें होतें. जें वांचवावयाचें तें झांकावें लागतें, आणि झांकलेलें कोणास दिसत नाहीं, ही अडचण त्यानें एका शब्दावांचून पुढें मांडली.

सर्वांत मोठा गवगवा झाला तो यांच्या दरम्यान, २०१८ सालीं. इटालियन कलावंत जॉर्जो आंद्रेओत्ता कालो यानें मंदिराच्या खिडक्यांस तांबडा पडदा चढवून सगळा अंतर्भाग तांबड्या प्रकाशानें भरून टाकला. वाचकांस येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. या चर्चच्या अगदीं भिंतीलगतच्या गल्ल्यांत खिडक्याखिडक्यांतून तांबडे दिवे लागतात. तो शहरांतील देहविक्रयाचा जुना मोहल्ला आहे, आणि तो धंदा त्या देशांत २००० सालापासून कायद्यानें मान्य झाला आहे. चर्चचे दगड आणि ते दिवे शेंकडों वर्षें एकमेकांच्या शेजारीं नांदले, पण एकमेकांकडे पाठ करून. कालोच्या कामानें बाहेरचा रंग आंत आला. ख्रिस्ताच्या रक्ताची, मूर्तिभंजकांच्या क्रोधाची आणि छायाचित्रकाराच्या काळोख्या खोलींतल्या दिव्याची आठवण त्यांत एकत्र होते. कित्येकांना तें भव्य वाटलें; कित्येकांना, विशेषतः ऑर्गनच्या व प्राचीन वास्तूच्या चाहत्यांना, तें अत्याचारासारखें वाटलें. प्रदर्शन संपल्यावर पडदे निघाले. परंतु एका लहान देवळीच्या खिडकींत तांबडी काच कायमची बसविण्याचें ठरलें, तेव्हां मात्र हरकती निघाल्या आणि प्रकरण न्यायासनापर्यंत गेलें.

ही भांडणाची जागा आम्हांस फार बोधप्रद वाटते. सगळें मंदिर तांबडें झालें असतां जे लोक केवळ कुरकुरले, ते एका लहान खिडकीसाठीं कोर्टांत कां गेले? कारण उघड आहे. पाहुण्याचा स्वभाव कितीहि विचित्र असला तरी तो जाणार असतो. घरांत भिंत घालून राहणाऱ्याची गोष्ट वेगळी. कायमची खिडकी बसविणारे म्हणतात कीं, प्रत्येक पिढीनें या चर्चमध्यें आपली भर घातली, मग आमच्याच पिढीला बंदी कां? हा युक्तिवाद पोकळ नाहीं. सोळाव्या शतकांतील रंगीत काचा, १६८१ चा पडदा, अठराव्या शतकांतील मोठा ऑर्गन हीं सर्व त्या त्या काळीं ‘नवी कला’च होतीं. पण याला दुसरी बाजू आहे. त्या पिढ्यांनीं भर घालतांना पूर्वीचें पुष्कळ पुसलेंहि, आणि पुसतांना त्यांना आपल्या बरोबर असण्याविषयीं तिळमात्र संदेह नव्हता. पडद्यावरील लेख हेंच सांगतो. आजच्या चालकांपैकीं कोणीं जर ऑर्गनच्या जुन्या चाहत्यांकडे पाहून, ‘हळूहळू शिरलेल्या खोट्या चालीरीति आम्ही दूर केल्या’ असें मनांत म्हटलें, तर तो त्याच पडद्याची दुसरी ओळ लिहीत आहे असें समजावें.

आतां आम्ही स्वतः पाहिलेल्या प्रदर्शनाकडे वळूं. २०२२ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशाचा कलावंत इब्राहीम महामा याचें काम येथें मांडलें होतें. त्याचें नांव ‘व्रणांची बाग’ असें देतां येईल. घानाच्या किनाऱ्यावर एल्मिना नांवाचा किल्ला आहे. तो पोर्तुगीज लोकांनीं १४८२ मध्यें बांधिला, १६३७ मध्यें डचांनीं तो जिंकून घेतला आणि १८७२ मध्यें इंग्रजांच्या हवालीं केला. मधल्या काळांत अगणित आफ्रिकन स्त्रीपुरुष त्या किल्ल्याच्या कोठड्यांतून गुलाम म्हणून अमेरिकेकडे रवाना झाले. महामानें त्या किल्ल्यांतील जमिनीचे व या चर्चमधील थडग्यांच्या शिळांचे ठसे घेऊन काँक्रीटचे ठोकळे पाडले, कांहीं फोडले, आणि ते येथें मांडले. एवढेंच. कोठें आरोपाचा फलक नाहीं, कोठें कोणाचा पुतळा पाडलेला नाहीं. ज्यांचीं नांवें दगडांत कोरलीं ते आणि ज्यांचीं नांवें कोणीं लिहूनहि ठेविलीं नाहींत ते, यांच्या पायांखालची जमीन शेजारीं शेजारीं ठेविली होती.

आम्हांस त्या ठोकळ्यांमध्यें सौंदर्य दिसलें असें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. राखी रंगाचा तो राडारोडा प्रथमदर्शनीं एखाद्या अर्धवट बांधकामासारखाच वाटतो. पण त्यांतून फिरून बाहेर पडतांना आम्ही खांबांवरील सेनापतींचीं स्मारकें पुनः वाचूं लागलों, आणि तीं पूर्वींसारखीं वाचतां येईनात. त्यांत याकोब फान हेम्सकेर्क याचें स्मारक आहे. हा पुरुष खरोखरच पराक्रमी. उत्तरेच्या बर्फाळ समुद्रांतून पूर्वेकडे जाण्याचा मार्ग शोधतांना १५९६-९७ चा हिंवाळा नोव्हाया झेम्लया बेटावर लाकडी झोंपडींत काढून जे जिवंत परतले त्यांतला हा एक. १६०७ मध्यें जिब्राल्टरच्या लढाईंत तो पडला आणि राष्ट्रानें मोठ्या सन्मानानें त्याला येथें आणून पुरलें. त्याच्या आयुष्यांतील आणखी एक प्रसंग असा. १६०३ मध्यें सिंगापूरच्या सामुद्रधुनीजवळ त्यानें ‘सांता कातारीना’ हें पोर्तुगीज जहाज पकडलें. त्यावरील चिनी रेशीम व चिनीमाती आम्स्टरडॅमला आणून लिलांव केला तेव्हां तीस लक्ष गिल्डरांवर रक्कम आली. ही लूट न्याय्य होती हें सिद्ध करण्याचें काम ह्यूगो ग्रोशियस या तरुण पंडिताकडे सोंपविलें गेलें. त्यांतूनच समुद्र सर्वांना मोकळा आहे हें प्रतिपादन करणारा त्याचा १६०९ चा सुप्रसिद्ध ग्रंथ निपजला. आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक आधारस्तंभ चांचेगिरीच्या समर्थनांतून उभा राहिला, ही इतिहासाची एक थट्टाच म्हटली पाहिजे.

मराठी वाचकास हें सर्व दूरदेशचें वाटत असल्यास त्यानें वेंगुर्ल्याची आठवण करावी. हेम्सकेर्कनें ज्या पोर्तुगीजांचें जहाज पकडलें त्यांची पूर्वेकडील राजधानी गोवा. त्या गोव्याची कोंडी करण्यासाठीं डच ईस्ट इंडिया कंपनीचीं गलबतें सोळाशें छत्तीससदतिसापासून वर्षानुवर्षें मांडवीच्या मुखाशीं येऊन बसत, आणि त्यांना आधार म्हणून १६३७ मध्यें वेंगुर्ल्यास डचांची वखार पडली. ज्या सालीं एल्मिना डचांच्या हातीं गेला तेंच हें साल. एक कंपनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, दुसरी कोंकणच्या किनाऱ्यावर, आणि दोहोंचा पैसा, दोहोंचे कर्ते पुरुष व दोहोंचीं थडगीं याच शहरांत. महामाला जर कोणी वेंगुर्ल्याची वाट दाखविली असती तर त्याच्या बागेंत कोंकणी जांभ्या दगडाचा एक ठसाहि शोभला असता. डच लोकांनीं या इतिहासाकडे आतां तोंड वळविलें आहे, हें त्यांच्या पक्षीं सांगितलें पाहिजे. आम्स्टरडॅमच्या नगराध्यक्षांनीं १ जुलै २०२१ रोजीं गुलामांच्या व्यापारांतील शहराच्या सहभागाबद्दल जाहीर क्षमा मागितली, व दोन वर्षांनीं त्याच दिवशीं राजे विलेम-अलेक्झांडर यांनींहि ती मागितली. क्षमेचीं भाषणें एका दिवसांत संपतात. पायांखालची जमीन कोणाच्या श्रमावर घातली हें विचारावयास भाग पाडणारी कलाकृति त्याहून अधिक काळ मनांत राहते.

एवढें पाहिल्यावर आरंभींच्या प्रश्नास आमचें उत्तर असें. जुन्या चर्चमध्यें नवी कला आणणें हा भ्रष्टाचार नव्हे. त्या वास्तूच्या स्वभावाला धरूनच तें आहे. परंतु तेवढ्यानें वाटेल तें मांडण्याचा परवाना कोणास मिळत नाहीं. जी कलाकृति दुसऱ्या कोणत्याहि प्रशस्त दालनांत तितकीच चांगली दिसली असती, तिनें या खांबांमागें दडून मोठेपणा मिळवूं नये. आणि जिनें येथें यावें तिनें जातांना वास्तु होती तशी पुढच्याच्या स्वाधीन करावी. निदान आपण काय बदललें तें पुसून टाकतां येईल अशी सोय ठेवावी. सन १५६६ पासून या भिंतींनीं अनेक निवाडे ऐकले आहेत, आणि प्रत्येक निवाड्यानें कांहीं तरी कायमचें नष्ट केलें आहे. महामाच्या कामाचें मोल आम्हांस वाटतें तें यासाठीं कीं, त्यानें निवाडा दिला नाहीं; थडग्यांना हात न लावतां त्यांच्याविषयीं प्रश्न विचारला, आणि आपले ठोकळे उचलून तो गेला. रविवारची उपासना करणारे जे थोडे लोक अजून येथें येतात, त्यांच्या प्रार्थनेची जागाहि अशाच सौजन्यानें राखली गेली पाहिजे. ते अल्पसंख्य झाले म्हणून पाहुणे ठरत नाहींत.

वेंगुर्ल्याची डच वखार आज भग्न स्थितींत उभी आहे. तिच्या भिंतींतून झाडें उगवलीं आहेत. तेथें कोणी प्रार्थना करीत नाहीं, कोणी चित्रेंहि मांडीत नाहीं. त्यामुळें कोणी कोर्टांतहि जात नाहीं. आम्स्टरडॅमच्या लोकांनीं एका तांबड्या खिडकीपायीं जें भांडण केलें, तें पाहून आम्हांस हंसूं आलें नाहीं. उलट थोडा हेवाच वाटला. आपल्या एखाद्या पडक्या वास्तूंत काय करावें आणि काय करूं नये, याबद्दल चार सुशिक्षित मराठी माणसें इतक्या तळमळीनें भांडलेलीं आम्हांस पाहावयाचीं आहेत.